खिडकी लावून वाचलेली पुस्तके

ज्यांच्या छातीचा फोटो नुकताच निघाला आहे आणि जे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी बरा झालो. हे आधीच सांगतो, कारण मी आजारी असताना अशी एखादी हकीगत हाती आली, की आधी शेवटचे पान उघडून माणूस जगला की मेला एवढे पाहून घेत असे. माणूस जगला. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असू, ती जगली नाही. तिला हा आजार माझ्याकडून गेला. कोणत्या वाटेने गेला ते मला माहीत आहे, आणि ती वाट दाखवण्यापलीकडे या लिखाणाचा काही हेतू नाही. धीर देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. मी ती वाचली आहेत. त्यांत समुद्राची हवा खा असे सांगितलेले असते. धुळ्याला समुद्र नाही.

फोटो

त्या वेळी मी धुळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. नवे राज्य येऊन चार-पाच वर्षे झाली होती. एका सकाळी कविता समजावून सांगताना तोंडात खारट चव आली. मी रुमाल तोंडाला लावला आणि तो पाहून घडी करून खिशात ठेवला. कविता पूर्ण केली. पोरांना काही कळले नाही. आठ दिवस मी स्वतःलाही कळू दिले नाही.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. सोबत माझे वडील होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, उभ्या आयुष्यात एकदाही उशिरा कचेरीत न गेलेले गृहस्थ. त्यांनी फोटोकडे पाहिलेच नाही.

"मास्तर, वाचता फार?" डॉक्टरांनी विचारले.

"वाचतो."

"आता वर्षभर आढ्याकडे बघा. त्यात छापील काही नसतं."

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. लहान मूल घरात ठेवायचे नाही. थुंकीला झाकणाचे भांडे. ताट-पेला वेगळा. आणि खिडकी चोवीस तास उघडी, थंडी असो की धूळ उडो. "औषधाइतकीच ती महत्त्वाची," ते म्हणाले. हे वाक्य मी ऐकले होते. नानांनीही ऐकले होते. पुढे जे झाले ते अज्ञानाने झाले असे म्हणायची सोय आम्हाला नाही.

परतताना टांग्यात नाना पुढे, घोड्याच्या बाजूला बसले. मग म्हणाले, "सूनबाई आणि छोटी उद्या यावलला जातील. तिच्या माहेरी."

"आणि माझं?"

"अक्का आहे ना."

"अक्काला नाही का होणार?"

नाना घोड्याच्या पाठीकडे पाहत राहिले. "तिच्यामागे कोण आहे?" ते म्हणाले.

नाना दुष्ट नव्हते. घरातल्या माणसांची त्यांनी मनात वाटणी केली होती, आणि ज्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही अशांच्या बाजूला अक्का होती. चौथीपर्यंत शिकलेली, तेराव्या वर्षी लग्न झालेली, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आलेली. त्याला वीस वर्षे झाली होती. वाईट एवढेच वाटते, की टांग्यात मी पुढे काही बोललो नाही. मला कोणीतरी हवे होते.

वॉर्ड

चार महिने सरकारी दवाखान्यात होतो. तिथला दिवस तीन गोष्टींनी भरतो: सुई, कडू पूड आणि वाट पाहणे. फिनेलचा वास पहिल्या आठवड्यात असह्य होतो. नंतर तो येईनासा झाला, की भीती वाटते. रोजच्या इंजेक्शनांनी माझ्या कानांत बारीक घंटा वाजू लागली. ती अजून वाजते. माणसे दूर बोलू लागली. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुस हवं की कान?" मी फुप्फुस म्हणालो.

पुस्तकांना वॉर्डात मनाई होती. पण कविता पाठ होत्या, त्या कोण काढून घेणार? शेजारच्या खाटेवर यावलकडचे ओंकारभाऊ होते. केळीचे मोठे बागायतदार, अंगठेबहाद्दर, आणि मी आजवर पाहिलेले सर्वांत सरळ टीकाकार. दुपारी ते म्हणत, "मास्तर, म्हना काही." मी म्हणत असे. एकदा मी आमच्या पिढीला फार आवडणाऱ्या जातीची एक कविता म्हटली. तिच्यात नायिका क्षयाने झिजते, दिवसेंदिवस नितळ होत जाते, आणि रुमालावर एक लाल ठिपका ठेवून चांदण्यात मरते.

ओंकारभाऊंनी ऐकून घेतले. मग पलीकडे ओकणाऱ्या माणसाकडे बोट केले. "हा नितळ झाला का?"

"नाही."

"तिचं झाकनाचं भांडं कुठं होतं?"

"कवितेत भांडं नसतं, ओंकारभाऊ."

"मंग तिला दुसरं काही झालं असंन. लिहिनाऱ्याला म्हना, इथं आठ दिवस ऱ्हाय."

मी हसलो, आणि हसल्यामुळे खोकल्याची उबळ आली. परिचारिका आम्हा दोघांवर रागावली. त्या दिवसापासून मला ती कविता सहन होत नाही, आणि तसल्या कादंबऱ्याही. आमच्या भाषेत या रोगाइतके कोणत्याच रोगाला नटवलेले नाही. पटकीने मेलेली नायिका कोणी पाहिली आहे? हा रोग मात्र कवींना आवडतो, कारण तो हळू मारतो आणि तोपर्यंत बोलायला वेळ देतो. शाळेत मी या कविता गहिवरून शिकवल्या आहेत. पोरांची क्षमा मागायला हवी.

ओंकारभाऊ माझ्याआधी घरी गेले. चालत गेले. ते चालत गेले, हे मी मुद्दाम लिहितो.

वाचनालयाची अट

घरी आलो तेव्हा माझ्या पुस्तकांच्या दोन्ही ट्रंका रिकाम्या होत्या. नानांनी मी दवाखान्यात गेलो त्याच आठवड्यात पुस्तके परसात जाळली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. "कोणाकोणाच्या थुंकीची पानं. त्यांनीच आणलं हे घरात." पान उलटताना बोटाला थुंकी लावायची माझी सवय त्यांना लहानपणापासून खटकत असे. ती सवय घाणेरडी होती, हे मी कबूल करतो. पण पुस्तकांनी काही आणले नव्हते.

अक्काने एक वाचवले होते. पातळसा कवितासंग्रह, ज्वारीच्या कोठीत दडवलेला. तिने तो मला लांबून दाखवला आणि पुन्हा कोठीत घातला. "पातळ होतं म्हणून राहिलं," ती म्हणाली. "जाड असतं तर नानांना दिसलं असतं."

मी दिवसभर उताणा पडून असे. आढ्यात सात तुळया होत्या. पंधरा दिवसांत मी अक्काला म्हणालो, "मला काहीतरी वाचायला आण, नाहीतर मी या आजाराने मरणार नाही, त्याच्या आधीच मरेन."

ती वाचनालयात गेली. तिथले चिटणीस आबा म्हणून ओळखले जात. म्हातारे, भले, नियमाचे पक्के. नियम असा होता, की अशा आजाराच्या घरात पुस्तक द्यायचे नाही. अक्का आयुष्यात प्रथमच त्या इमारतीची पायरी चढली होती. तिने आबांना काय सांगितले ते तिने परत येऊन जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"मी म्हटलं, आबा, पुस्तक माझ्या नावावर द्या. त्याच्या हाताला लावणार नाही. मी वाचीन, तो ऐकेल. आबा म्हणे, तुम्हाला वाचता येतं? मी म्हटलं, वीस वर्षं नानांना पोथी कोण वाचून दाखवतंय? आबा म्हणे, शपथ घ्या. मी म्हटलं, कशाची घेऊ? नवरा नाही, मूल नाही. मग आबा ओशाळले आणि म्हणे, राहू द्या, शब्द पुरे."

तो शब्द तिने कसा पाळला, हे सांगितले तर खोटे वाटेल. पुस्तक खादीच्या धुतलेल्या फडक्यात असे. वाचायला बसण्याआधी ती हात धूत असे, उठल्यावर पुन्हा धूत असे. एकदा शिवण सुटून एक पान माझ्या पांघरुणावर पडले. मी हात पुढे केला, तर तिने माझ्या मनगटावर फटका मारला. माझ्या पाण्याचा सोनगीरचा पितळी गडूसुद्धा ती फडक्याने धरी. मला जिथे जिथे हात लावता येईल, तिथे तिथे तिने पहारा ठेवला होता.

तो तास

माझ्या खोलीला एकच खिडकी. ती शेजारच्या काशीबाईंच्या अंगणात उघडे. काशीबाई शिंदखेड्याकडच्या शेतकरी कुटुंबातल्या. शहरात येऊन त्यांना कितीतरी वर्षे झाली होती, पण बोलणे सगळे अहिराणी. त्यांच्या अंगणात दिवसभर सासू-सुना काही निवडत, काही वाळवत बसलेल्या असत.

सकाळी अक्का माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून नानांना पोथी वाचून दाखवी. तेव्हा खिडकी उघडी असे. पोथी शेजारी ऐकू गेलेली नानांना आवडे. दुपारी चार वाजता नाना काठी घेऊन पांझरा नदीकडे फिरायला जात आणि पाचाला परत येत. तो तास आमचा.

पहिल्या दिवशी कादंबरी उघडून अक्का थबकली. "काशीबाई आहेत अंगणात," ती हळूच म्हणाली. "विधवा बाई प्रेमाचं वाचतेय असं नानांच्या कानावर गेलं तर पुस्तक पण जाईल आणि मी पण."

"हळू वाच."

"तुला ऐकू येतं का हळू?"

येत नव्हते. कानांत घंटा होती. आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिले. डॉक्टरांचे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात स्वच्छ होते. मी ते विसरलो होतो, असेही नाही. मी एवढाच हिशेब केला, की चोवीस तासांतला एकच तर तास आहे.

"लाव," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. अक्का नव्हे. तिने खिडकी लावली, कडी घातली, पाट माझ्या उशाशी ओढला आणि माझ्या कानापासून हातभर अंतरावर तोंड आणून वाचायला सुरुवात केली. हे अकरा महिने चालले. उन्हाळा मधेच आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना बंद खोलीतले चार ते पाच म्हणजे काय, ते सांगायला नको. तिच्या हनुवटीवरून घाम पानावर पडे, आणि ती तो पदराने टिपून घेई. पुस्तक खराब व्हायला नको.

काय काय वाचले आम्ही. कविता तिला आधी आवडत नसत. "एवढीशीच? मग बाकीचं पान कोरं का ठेवलं?" पण एखादी ओळ ती दोन दिवसांनी भाकरी थापताना म्हणायची, आणि मला स्वयंपाकघरातून ऐकू आली नाही तरी तिच्या मानेच्या हालचालीवरून कळायचे. नाटक ती सगळ्या पात्रांच्या आवाजात वाचे. खलनायकाला तिने नानांचा आवाज दिला होता. विनोदी लेख आम्ही दोनदा आणले आणि सोडून दिले, कारण हसू आले की मला खोकला येई. आजारी माणसाला विनोद सुचवणाऱ्यांनी आधी त्याची बरगडी दुखते का विचारावे. हिमालयाच्या प्रवासवर्णनात लेखक दर चार पानांनी चहा पितो, हे तिने पकडले. रहस्यकथेत तिला प्रत्येक वेळी खुनी दीर वाटे. "दीरच असणार," ती म्हणे. दीर नसला तरी तिचे मत बदलत नसे, आणि मी तिच्या सासरबद्दल त्या अकरा महिन्यांत जे शिकलो ते त्याआधीच्या वीस वर्षांत शिकलो नव्हतो.

एकदा वाचता वाचता थांबून ती म्हणाली, "भाऊ, राग येऊ देऊ नको. पण तुझं दुखणं मला लाभलं."

मला राग आला नाही. मला अभिमान वाटला. मी तिला पुस्तके दिली, असे मनात म्हणालो. तिला मी काय देत होतो, ते माझ्या छातीत बसलेले होते, आणि मी मधून मधून हसत, खोकत, दाद देत तिच्या तोंडावर ते उडवत होतो. रोगी रागीट आणि गप्प असतो तेव्हा कमी घातक असतो. मी आनंदात होतो.

अक्काचा खोकला

अकराव्या महिन्यात माझा फोटो चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, उठा." मी ओट्यापर्यंत चालत गेलो. नानांनी पेढे आणले. यावलला पत्र गेले.

त्या वेळी आम्ही एक नवी कादंबरी धरली होती. तिच्यातली बाई नवऱ्याचे घर सोडून परगावी शाळेत मास्तरीण होते. आठ वर्षांनी सासरहून पत्र येते: झाले गेले विसर, परत ये. ती जाते की नाही, इथे आम्ही पोचलो होतो. अक्का वाचताना धाप टाकू लागली. मी म्हणालो, "आता मीच वाचतो, तू ऐक." तिने पुस्तक छातीशी धरले. "आबांना शब्द दिलाय," ती म्हणाली. पुढे वाचायला गेली आणि वाक्याच्या मध्यावर तिला उबळ आली. तिने पदर तोंडाला लावला. काढला, पाहिला, आणि घडी केली.

ती घडी मी ओळखली. तशीच घडी मी वर्गात घातली होती.

"किती दिवस?" मी विचारले.

"होळीपासून."

होळीला चार महिने झाले होते. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर वाचन बंद झालं असतं," ती म्हणाली. मग पदराची घडी कमरेला खोचत, "आणि माझं करायला कोण होतं?"

डॉक्टरांनी तिचा फोटो उजेडात धरला आणि लगेच खाली ठेवला. मी त्यांना सगळे सांगितले. पुस्तकाला हात लावला नाही, भांडे वेगळे, हात धुतले, पान पडले तरी उचलू दिले नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि खिडकी?"

मी खाली ठेवलेल्या फोटोकडे पाहिले. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ते म्हणाले, "पुस्तकातून नाही जात हो तो. बोलण्यातून जातो. खोकण्यातून, हसण्यातून. बंद खोलीत जातो."

मला जी इंजेक्शने लागू पडली ती तिला पडली नाहीत. कधीकधी असे होते, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात जायला ती तयार होईना. माझ्याच खोलीत, माझ्याच खाटेवर तिला निजवले. खिडकी आता रात्रंदिवस उघडी होती. तिच्या बिजागरीला कोणीतरी तेलही घातले होते; कोणी, ते मला माहीत नाही.

अंगणातून

मला आत जायची बंदी झाली. माझे फुप्फुस नुकते भरून आले होते. माझी बायको यावलला थांबली. तिचे काय चुकले? तिच्या पदरात छोटी होती. अक्काचे आता नाना करत. त्यांना भाकरी थापता येत नसे. ते काशीबाईंकडून आणत.

तिसऱ्या दिवशी अक्काने निरोप पाठवला: त्या बाईचे काय झाले?

पुस्तक अजून आमच्याकडेच होते. मी आबांकडे गेलो. ते काही बोलायच्या आधी मीच म्हणालो, "ते पुस्तक मी परत आणणार नाही. माझ्या हाताला लागणार आहे."

आबांनी नोंदवहीत त्या पुस्तकावर रेघ मारली. "अक्कांनी शब्द पाळला," ते म्हणाले. "वर्षभरात एका पुस्तकाला तुमचा हात लागला नाही. बाई फार सचोटीची." त्यांना चांगलेच बोलायचे होते. मी नमस्कार करून निघालो.

मग मी काशीबाईंच्या परवानगीने त्यांच्या अंगणात खुर्ची टाकली. खिडकीपासून आठ हातांवर. तिथून अक्काला ऐकू जावे, तर शाळेतल्यासारखा आवाज लावावा लागे. भर दुपारी, भर अंगणात, नवऱ्याचे घर सोडून गेलेल्या बाईची गोष्ट मी ओरडून वाचू लागलो. गल्लीतली येणारी-जाणारी माणसे थांबत. काशीबाई आणि त्यांच्या सुना निवडायची सुपे घेऊन भिंतीशी सरकल्या. कोणी कानांवर हात ठेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले आणि नाना काठी टेकत आले. मी वाक्य अर्धवट सोडले. त्यांनी खिडकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"थांबू नको," ते म्हणाले. "तिला ऐकू येत नसेल. जरा मोठ्यानं वाच."

लोक म्हणतील, म्हातारा विरघळला. मला तेव्हा विरघळलेला म्हातारा नको होता. ते वाक्य मला वर्षभर आधी हवे होते. मी मोठ्याने वाचले, आणि माझा आवाज कोणाला थरथरलेला वाटला असेल तर तो रागाने थरथरत होता. अजूनही आहे. नानांवर आहे, पण थोडा. खिडकीकडे बोट दाखवून "लाव" म्हणणारा माणूस म्हातारा नव्हता, अडाणी नव्हता, आणि त्याला डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते.

त्या बाईने पत्राला उत्तर लिहायला घेतले, त्या पानावर मी एका शनिवारी थांबलो. अक्काने आतून हात वर केला. आज पुरे, असा. रविवारी सकाळी नानांनी मला हाक मारली, तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर होते, आणि सत्तावीस पाने राहिली होती.

राहिलेली पाने

हे वाचणाऱ्यांना मी सांगू शकतो ते थोडे आहे. पुस्तकांना घाबरू नका. तुमचे ताट, पेला, पांघरूण यांची जी भीती घरात घालून देतात तिच्यामागे लपू नका. तुमच्याजवळ जो बसतो त्याला दूर बसवा. तो प्रेमाने जवळ येत असेल तर जास्त दूर. आणि खिडकी. ती कोणासाठीही लावू नका. शेजाऱ्यांसाठी नाही, वडिलांसाठी नाही, एका तासासाठी नाही.

एवढे लिहून मी थांबणार होतो. पण तेरावा झाल्यानंतरची एक दुपार राहिली आहे.

मी अंगणातली खुर्ची परत आणायला गेलो होतो. काशीबाई भिंतीशी बसून तूर निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"भाऊ, एक इचारू का? मंग ती बाई सासरले परत गयी का?"

मी ती सत्तावीस पाने वाचली नव्हती. अजूनही वाचलेली नाहीत. पण त्या आणि त्यांच्या दोन्ही सुना माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, म्हणून मी म्हणालो, "नाही गेली."

"बरं करं तिनी," काशीबाई म्हणाल्या. सुनांनीही माना हलवल्या. मग काशीबाईंनी सूप पुन्हा ओढून घेतले आणि खाली बघत म्हणाल्या, "अक्का फार चांगली वाचे. आम्ही सासू-सुना वरीसभर भितले कान लाईसन बसूत. त्या हिमालयवालाना चहा, तो दीर, बठ्ठं आयकं आम्हीनी."

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. वर्षभर त्या भिंतीला कान लावून बसल्या होत्या. सगळे ऐकले होते. नानांच्या कानावर एक शब्द गेला नव्हता.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"काय बोलतूत? बंद करी टाकं असतं तं?" त्यांनी एक खडा उचलून लांब टाकला. "पण भाऊ, अक्का खिडकी कसाले लावे? भितमाईन आमले नीट आयकू नही ये."

कानांतली घंटा वाजत होती, तरी हे मला स्पष्ट ऐकू आले.

"वारा येत होता," मी म्हणालो, आणि खुर्ची उचलून घरी आलो.